सुरूला बांधलेला लाल दोरा

बाई,

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. सांगायची टाळली, असं म्हणणं जास्त खरं. पन्नास वर्षांत कितीतरी वेळा तोंडाशी आली आणि दर वेळी मी पावसापाण्याचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता शाळेच्या माजी विद्यार्थिनी तुमच्या आठवणींची पुस्तिका काढताहेत. मला म्हणाल्या, "सर, दोन पानं तुमची हवीत. बाईंच्या बरोबर सगळ्यात जास्त वर्षं तुम्हीच होता." मी हो म्हणालो. तुमचा जन्म कधीचा, किती वर्षं शिकवलंत, निवृत्त कधी झालात, हे बाकीच्या जणी लिहितील. मला फक्त एका झाडाबद्दल लिहायचं आहे.

त्याला कारण राजमणी. आठवी ब मधली, मागावरचं सूत आणून देणारी, पहिल्या बाकावरची. तुम्ही गेल्यावर तुमच्या मातीला मी मंद्रूपला, तुमच्या गावी, आलो होतो तेव्हा तीही आली होती. साठी ओलांडली आहे आता तिनं, गुडघ्याला पट्टा बांधते. अंगणात माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "सर, बाईंसारखं कुणी शिकवलं नाही बघा. त्या सुरूच्या बाबतीत तेवढं चुकलं त्यांचं. पण मी कधी मनात ठेवलं नाही."

तुम्ही न केलेल्या चुकीबद्दल ती तुम्हाला क्षमा करत होती, बाई. आणि ती चूक तुमची होती हे तिला मी सांगितलं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून कुणीतरी कन्नडमध्ये हाक दिली, माणसं उठली, आणि मी पुन्हा गप्प राहिलो.

म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही शाळेत आलात तेव्हा मला नोकरीत सहा-सात वर्षं झाली होती. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आवारातली निम्मी झाडं त्यानं नेली होती. जी उरली त्यांची मला फार माया होती, कारण जिन्याखालचा तो फळा माझा होता. 'आपल्या आवारातील वृक्ष'. तीन रकाने: पानझडी, सदाहरित, सूचिपर्णी. चित्रकलेच्या सरांनी ऑइलपेंटनं अक्षरं काढली होती आणि खाली कोपऱ्यात 'संकल्पना' असं लिहून माझं नाव. पहिल्या रकान्यात पिंपळ, पांगारा, गुलमोहर. दुसऱ्यात आंबा, कडुलिंब, करंज. तिसरा रकाना मोकळा राहत होता. सोलापुरात चीड आणि देवदार कुठून आणायचे? मग मैदानाच्या कडेला दोन सुरू होते, त्यांचं नाव टाकलं. बारीक सुयांसारखी पानं, झाडाखाली पडलेली काटेरी फळं, वाऱ्यात तो ठरावीक आवाज. सूचिपर्णी म्हणजे आणखी काय असणार? सगळ्यांनी मान डोलावली. मला त्या फळ्याबद्दल शाबासकी मिळाली होती आणि ती मी विसरलो नव्हतो.

तुम्ही पहिल्याच महिन्यात फळ्यापुढं उभ्या राहिलात आणि विचारलंत, "सर, हे झाडांना विचारून लिहिलंय का पुस्तकाला विचारून?"

मी हसलो. मला ते चेष्टेतलं वाटलं. तुमचं बोलणं तसंच असायचं, अर्धं कन्नड वळणाचं, शेवटी 'की' लावलेलं, आणि चेहरा गंभीर.

मग तुमची दोऱ्यांची तऱ्हा सुरू झाली. मुली घरून मागावरचं तुटकं सूत आणायच्या. पिवळा दोरा पानझडीला, हिरवा सदाहरितला, लाल सूचिपर्णीला. पण दोरा बांधायच्या आधी त्या झाडाकडं वर्षभर बघायचं, दर सोमवारी वहीत लिहायचं. पानं किती गळाली, नवी कधी आली, झाड पूर्ण उघडं किती दिवस राहिलं. वर्षानंतर दोरा. आठवीच्या मुली प्रत्येकी एका झाडाच्या मालकीण असल्यासारख्या फिरायच्या. "माझा करंज", "माझा पांगारा" असं चालायचं.

गंगाराम शिपायाला याची फार मजा वाटायची. मधल्या सुट्टीत घंटेजवळ उभा राहून म्हणायचा, "बाई, वटपौर्णिमा तर झाली की हो. हितं करंजाला दोरा बांदून कुटं सात जन्म मिळत्यात?"

तुम्ही म्हणायचात, "नवऱ्यासाठी नाही रे, झाडासाठी बांधतोय. झाड सोडून जात नाही."

"व्हय, ते पण खरंच," म्हणून तो घंटा द्यायला जायचा.

पहिला वाद लिंबावरून झाला. माझ्या फळ्यावर लिंब सदाहरित. पुस्तकातही तसंच. फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही मला बोलावून नेलंत. विहिरीजवळचा लिंब जवळजवळ उघडा होता. काड्या दिसत होत्या. मी म्हणालो, दुष्काळाचा परिणाम आहे, झाड दमलंय. तुम्ही म्हणालात, "नऊ दिवस झाले, असंच आहे. मुलींनी मोजलंय. आणि टोकाला बघा, तांबूस पालवी फुटायला लागलीय. हे सदाहरित कसं म्हणायचं?"

"मग पानझडी म्हणा."

"तसं तरी कसं म्हणायचं? पांगारा तीन महिने बोडका उभा असतो. हा नऊ दिवस. सर, ओलीच्या गावात हाच लिंब वर्षभर हिरवा असंल. आपल्याकडं पाणी नाही म्हणून आठ-दहा दिवस पानं टाकून बसतो. झाडाचं नाव एकच, पण वागणं गावागणिक की."

वर्ष भरल्यावर तुम्ही त्याला पिवळा आणि हिरवा दोन्ही दोरे बांधलेत. मला ते पटलं नाही. असं दोन्हीकडं पाय ठेवून मुलींना शिकवता येत नाही, परीक्षेत एकच उत्तर लागतं, असं मी म्हणालो. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. आणि तो मिटला नाही याचं मला बरंच वाटतं, कारण त्याच्यामुळेच तुम्ही माझ्याशी बोलत राहिलात.

आता सुरू.

त्या वर्षीच्या नाताळाच्या सुट्टीआधी तुम्ही प्रयोगशाळेत आलात. हातात सुरूची डहाळी, दुसऱ्या हातात मोरपंखीची. ऑफिसपुढं दोन मोरपंखी होत्या, हाताच्या पंजासारख्या चपट्या फांद्यांच्या, आपण त्यांना शोभेची झाडं म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही सुरूची एक सुई माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "दोन्ही टोकं धरा आणि ओढा."

मी ओढली. ती मध्येच सांध्यावर सुटली, डब्याचं झाकण निघावं तशी. परत बसवली तर बसली.

"पान असं सुटतंय का कुठं? आता भिंग घ्या. सांध्यावर बघा."

मी बघितलं. सांध्याभोवती दातऱ्यांची एक इवलीशी माळ होती. मी मोजले, सात दात. ती पानं होती. जिला आम्ही इतकी वर्षं पान म्हणत होतो ती सुई म्हणजे हिरवी फांदी होती. मग तुम्ही फांदीवर फुटलेला लाल केसांसारखा गोंडा दाखवलात. फूल. सूचिपर्णीला असलं फूल नसतं. मग फळ ब्लेडनं चिरून आतलं बी दाखवलंत, आपल्या आवरणात बंद. आणि शेवटी मोरपंखीचं ते छोटं, निळसर, शिंगं फुटलेलं बोंड उकललंत. त्याच्या खवल्यांमध्ये बी नुसतं ठेवलेलं होतं, कशाच्या आत नाही.

"सूचिपर्णीची खूण सुई नव्हे, सर. हे उघडं बी. सुरू आपल्या आंब्या-लिंबाच्या जातीचा आहे, फुलाफळाचा. वर्षभर हिरवा. म्हणून हिरवा दोरा. आणि लाल दोरा जायचा तर मोरपंखीला."

मी ते बोंड परत भिंगाखाली धरलं. तुम्ही हसून म्हणालात, "गंमत माहितीये का? मुली 'विद्या' म्हणून पुस्तकात काय ठेवतात?"

मला माहीत होतं. सगळ्या मुली मोरपंखीचं पान पुस्तकात ठेवायच्या. पान वाळलं नाही तर विद्या येते म्हणायच्या. सोलापुरात सूचिपर्णी नाही म्हणून मी सुरूला वेठीला धरलं होतं, आणि खरं सूचिपर्णी झाड प्रत्येक मुलीच्या दप्तरात चपटं होऊन पडलं होतं.

मी म्हणालो, "बाई, बरोबर आहे तुमचं." हे मी म्हणालो होतो. प्रयोगशाळेत आपण दोघंच होतो. हे वाक्य माझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

मार्चमध्ये तपासणी आली.

साहेब आठवी ब वर आले तेव्हा मोठ्या बाई बरोबर होत्या आणि त्यांच्या मागं मी. पुढच्या वर्षी शाळेत पर्यवेक्षकाची जागा भरायची होती. साहेबांनी विचारलं, "सूचिपर्णी म्हणजे काय, आणि तुमच्या आवारात कुठला आहे?"

राजमणी उठली. "ऑफिसपुढची मोरपंखी, सर."

साहेब मोठ्यानं हसले. "अगं, ती शोभेची. सुया कुठं आहेत तिला? खिडकीतून बघ, तो सुरू दिसतो ना? त्याला कोणता दोरा?"

"हिरवा, सर."

"का?"

राजमणीनं सगळं नीट सांगितलं. सुया म्हणजे फांद्या, पानं सांध्यावर, बी झाकलेलं. एकही शब्द चुकली नाही. साहेब तुमच्याकडं वळले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"साहेब, झाडातच आहे. भिंग आणते, दोन मिनिटं लागतील."

"जिन्याखाली तुमच्याच शाळेनं फळा लावलाय, त्यावर सुरू सूचिपर्णी लिहिलंय. मघाशीच वाचून आलो. मग तो खोटा का तुम्ही?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "सरांनीपण भिंगातून बघितलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. राजमणीसुद्धा. ती तर खात्रीनं बघत होती.

मी म्हणालो, "बाई नव्या आहेत. उत्साहात थोडा गैरसमज झालाय. सुरू सूचिपर्णीच, साहेब."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. राजमणी अजून उभी होती, तिला म्हणालात, "बस, बाळ." एवढंच.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की मला भीती वाटली. साहेबांची, जागेची. थोडी वाटली असेल. पण खरं सांगायचं तर मला तो फळा आवडत होता. माझ्या नावाखाली चूक लिहिलेली आहे हे मला प्रयोगशाळेत दोघांत चालत होतं. चाळीस मुलींसमोर चाललं नाही.

मोठ्या बाई व्हरांड्यात मला म्हणाल्या, "ते दोरे तेवढे नीट करून घ्या. साहेब चहा घेऊन आवारात फेरी मारणार आहेत." गंगाराम चहाच्या गडबडीत होता. त्याला थांबून सांगता आलं असतं. मी स्वतः गेलो. लाल सूत दुसरं कुठं शोधणार? मोरपंखीचाच दोरा सोडला. मुलींनी गाठ बारीक मारली होती, नखानं सोडवावी लागली. तो नेऊन सुरूच्या बुंध्याला बांधला आणि हिरवा काढून खिशात घातला.

वळून बघतो तर तुम्ही व्हरांड्याच्या खांबापाशी उभ्या. हातात वह्यांचा गठ्ठा. किती वेळ उभ्या होता कोण जाणे.

"गाठ घट्ट मारा की, सर," तुम्ही म्हणालात. "सुरूला वारा लई लागतो."

आवाज चढला नव्हता. मी परत वळून खरंच आणखी एक गाठ मारली. याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी गंगारामनं तो दोरा बघितला. त्याला वर्गातलं काही माहीत नव्हतं. हसत म्हणाला, "सर, तुमी बांदला व्हय? मग आता सात जन्म हाच सुरू तुमाला."

जूनच्या वेळापत्रकात आठवीचं विज्ञान माझ्याकडं आलं. तुम्हाला पाचवीचं मराठी आणि शिवण. 'झाडांचे उद्योग' बंद करायचं मोठ्या बाईंनी तोंडी सांगितलं. उरलेल्या सुतानं तुम्ही मुलींना टाके शिकवलेत. बी.एस्सी. झालेली, मंद्रूपहून रोज एसटीनं येऊन कॉलेज केलेली मुलगी उलटी टीप आणि साखळी टाका शिकवत होती, आणि मी शेजारच्या वर्गात सुरूची डहाळी दाखवून सूचिपर्णी शिकवत होतो. तुमचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मी त्या वर्षी पर्यवेक्षक झालो.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. काही वर्षांनी फळ्याचा रंग उडाला. रंगारी आला. त्यानं विचारलं, "सर, मजकुरात काही बदल?" त्या दिवशी साहेब नव्हते, मोठ्या बाई निवृत्त झाल्या होत्या, मलाच विचारायचं होतं. मी म्हणालो, "आहे तसंच राहू दे."

तुम्ही मात्र अबोला धरला नाहीत. धरला असता तर मला सोपं गेलं असतं. पुढच्याच फेब्रुवारीत स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणालात, "चला, तुमचा सदाहरित लिंब बघा. उघडा बसलाय." आपण विहिरीपाशी गेलो आणि भांडलो. दर वर्षी. तुम्ही निवृत्त होऊन मंद्रूपला राहायला गेलात तशी पोस्टकार्डं सुरू झाली. 'दारातला लिंब यंदा बारा दिवस उघडा. तुमचा काय म्हणतो?' मी लिहायचो, 'सहा दिवस. पालिकेचं पाणी मिळतं ना.' तुम्ही उलट लिहायचात, 'म्हणजे नळाला बांधलेला सदाहरित.' तुमची एकूण एकोणीस कार्डं माझ्याकडं आहेत. माझीही तेवढीच गेली असतील. प्रत्येकात खाली दोन ओळींची जागा मोकळी राहायची. ती मी 'घरी सर्व ठीक' असं लिहून भरली.

एकदा मात्र ठरवून आलो. बायको गेल्यानंतरचं ते वर्ष. एसटीत बसल्यापासून वाक्यं पाठ करत होतो, शाळेतली मुलं करतात तशी. तुम्ही अंगणात शेंगा फोडत बसल्या होतात. "सर, चहा घेणार का ताक?" मी ताक म्हणालो. कुंपणाशी मोरपंखी होती, चांगली डोक्याइतकी वाढलेली. मी तिच्याकडं बघतोय हे तुम्ही बघितलंत.

मग तुम्ही आपणहून विचारलंत, "तो फळा आहे का हो अजून?"

याहून मोठी वाट कुणी कुणाला करून देत नाही. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही. गेला कुठंतरी रंगकामात."

फळा तेव्हा जिन्याखालीच होता. नव्या अक्षरांत.

तुम्ही "हं" म्हणालात आणि शेंगा फोडायला लागलात. निघताना मोरपंखीची एक डहाळी तोडून दिलीत. "नातवंडांच्या पुस्तकात ठेवा. विद्या येते म्हणतात." चेहरा तसाच, गंभीर. मला आजपर्यंत कळलेलं नाही की ती चेष्टा होती, की तुम्ही मला सोडून देत होतात.

राजमणी, तू हे वाचशीलच. आणि आठवी ब च्या बाकीच्या जणी. तुमच्यापैकी ज्या कुणी आपल्या मुलाबाळांना सुरू सूचिपर्णी म्हणून सांगितलं असेल, त्यांनी जवळच्या सुरूखाली जावं, एक सुई घ्यावी आणि दोन्ही टोकांनी ओढावी. सांध्यावर सुटेल. भिंग मिळालं तर दात मोजावेत. बाईंचं काहीही चुकलं नव्हतं. तू त्या दिवशी दिलेलं उत्तर शब्दन् शब्द बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती चूक नव्हतीच, कारण मला माहीत होतं.

आणि बाई, लिंबाबद्दलही तुमचंच खरं असावं. हे मात्र मी पूर्ण मान्य करत नाही. यंदाचा आकडा तुम्हाला कळवायचा राहिला: आठ दिवस.

त्या दिवशी मंद्रूपच्या गाडीत मी पाठ केलेली वाक्यं चारच होती. अंगणात ती निघाली नाहीत. तुमच्या मातीला आलो तेव्हाही ओठांवर होती, पण तेव्हा ऐकायला तुम्ही नव्हता. इथं लिहितो.

बाई, सुरू सूचिपर्णी नाही. तुम्ही दाखवलंत तेव्हाच मला ते दिसलं होतं. तरी मुलींसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं आणि तुमचा वर्ग काढून घेतला. मला माफ करा.